जुनी चाळ व नवा मनोरा

गिरगाव, ठाकूरद्वार किंवा काळबादेवी या भागांतून शाळेस येणाऱ्या विद्यार्थ्यांस एखाद्या इमारतीच्या सज्ज्याखाली लावलेले टेकू नवीन नाहीत. हे टेकू एका पावसाळ्यापुरते म्हणून लावतात व ते कित्येक पावसाळे तेथेच राहतात. त्याच गल्लीच्या टोकाशी वीस-पंचवीस मजल्यांचा मनोरा उभा असतो आणि त्याच्या पायाच्या जागीही पूर्वी अशीच एक चाळ होती. हे स्थित्यंतर कोणत्या नियमाने व कोणत्या हिशेबाने घडते, हे विद्यार्थ्यांस माहीत असावे. आणि ज्या पालकांपुढे आज संमतिपत्राचा कागद आला आहे त्यांस तर ते अवश्य माहीत असावे. म्हणून हा पाठ लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

चाळ हे मुंबईच्या उद्योगाचे अपत्य होय. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी येथे पहिली कापडगिरणी काढण्याचा उपक्रम केला. पुढे गिरण्या, गोद्या, आगगाडी व सरकारी कचेऱ्या यांच्या ओढीने कोकणातून व देशावरून माणसे येत गेली, आणि त्यांच्यासाठी एका ओळीत खोल्या, पुढे लांब सज्जा, टोकाशी नळ व सामायिक शौचकूप अशी घरे उभी राहिली. गिरगावच्या चाळींतून कारकून, शिक्षक, छापखान्यातील जुळारी अशा पांढरपेशा मंडळींची वस्ती अधिक. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अशा चाळींच्या दगडात कोरीव काम फार नाही. तथापि या शहराच्या मध्यमवर्गाचा इतिहास शोधावयाचा झाल्यास तो याच जिन्यांवर सापडेल.

जुनी इमारत वयाने पडते, असा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. सागवानी तुळई व चुन्यात बांधलेली भिंत यांची वेळच्या वेळी निगा राखली तर ती अनेक पिढ्या टिकतात. आमच्या चाळी खचल्या त्याचे एक मोठे कारण भाड्याच्या पावतीत आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, मुंबईत भाड्यावर प्रथम निर्बंध आले. पुढे १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे प्रमाण धरले. हेतू न्याय्य होता; युद्धाच्या महागाईत गरीब भाडेकरूस कोणी रस्त्यावर काढू नये, हा. परंतु धान्य, चुना, लाकूड व मजुरी यांचे भाव वाढत गेले आणि भाडे मात्र जवळजवळ तेथेच थांबले. मालकाने डागडुजी सोडली. भाडेकरूने, घर आपले नव्हे म्हणून, खर्च केला नाही. खोली सोडताना पागडीची मोठी रक्कम हातोहात फिरत राहिली, पण तीतील पैसा छपराच्या कौलास क्वचितच लागला. कायद्यातील हे गोठलेले भाडे बदलण्यास शासनास १९९९ साल उजाडावे लागले. या तिघांपैकी एकासच दोष देणारे लोक आम्हांस पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही.

१९६९ साली शासनाने दुरुस्ती मंडळ स्थापिले व जुन्या इमारतींवर उपकर बसविला. त्या वेळी अशा इमारती १९,६४२ होत्या. उपकराच्या उत्पन्नातून एवढ्या घरांची दुरुस्ती होणे शक्य नव्हते व ती झालीही नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जुन्या वास्तूंवरील प्रेमापोटी ही घटना विसरणे आम्हांस पाप वाटते.

आता मनोऱ्याचे गणित. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) या कलमाने असे ठरविले की, जो विकासक उपकरप्राप्त इमारतीतील भाडेकरूंस त्याच जागी विनामूल्य घरे देईल त्यास अधिक बांधकामाची मुभा मिळावी, व ते जादा बांधकाम विकून त्याने आपला खर्च व नफा काढावा. समजा, एक हजार चौरस मीटर जमिनीवर तीन मजली चाळ आहे व तीत साठ बिऱ्हाडे आहेत. चटईक्षेत्र निर्देशांक ३ धरला तर तीन हजार चौरस मीटर बांधता येईल. सध्याच्या नियमाप्रमाणे प्रत्येक भाडेकरूस निदान ३०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर, जागा द्यावयाची. साठांस गुणिले की १,६८० झाले. उरलेले १,३२० विकावयाचे. भिंती व जिने यांचा हिशेब तूर्त बाजूस ठेवू. चाळीने जवळजवळ सारी जमीन व्यापलेली असे. नव्या इमारतीस भोवती मोकळी जागा सोडावी लागते, म्हणून मजला लहान होतो. एका मजल्यास २५० चौरस मीटर मिळाले तर बारा मजले झाले. त्याखाली मोटारींचे तीन-चार मजले घाला. इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यासही आता कळेल की मनोरा उंच का होतो. बिऱ्हाडे अधिक व जागेचा विक्रीभाव कमी असेल तेथे हे गणित जुळत नाही, आणि अशाच चाळींना टेकू लागलेले राहतात.

जेथे शासन स्वतःच मालक आहे तेथे चित्र काहीसे निराळे दिसते. वरळीच्या बीडीडी चाळी १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारने बांधल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाण्याची योजना तेथे आखली गेली आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांस किल्ल्या मिळाल्या. घरात स्वतःची मोरी व स्वतःचा शौचकूप असणे ही काय वस्तू आहे, हे ज्यांनी पहाटे बादली घेऊन रांगेत उभे राहून बालपण काढले नाही त्यांस कळणे कठीण. आम्ही ते काढले आहे.

उलटपक्षी, वास्तू ऐतिहासिक आहे असे कागदावर लिहिल्याने छप्पर गळावयाचे थांबत नाही. मुंबईने १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियम केले. असे करणारे हे देशातील पहिले शहर. तरी काळा घोड्याजवळील वॉटसनच्या हॉटेलाची, जेथे ७ जुलै १८९६ रोजी या देशात प्रथम चलच्चित्रे दाखविली गेली, अवस्था पाहावी. ही बिडाच्या सांगाड्याची दुर्मीळ इमारत पुढे भाडेकरूंनी भरली, आणि २००५ साली तिचा काही भाग कोसळला.

लूककृत शुभवर्तमानात प्रभूने बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत दिला आहे. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. हा दृष्टांत विकासकाने वाचावाच. परंतु चाळकऱ्यानेही वाचावा असे आम्हांस अनुभवाने वाटते. आमच्या एका विद्यार्थ्याचे कुटुंब तीन वर्षांकरिता म्हणून चाळ सोडून उपनगरात गेले. विकासकाकडून येणारे भाडे दुसऱ्या वर्षी थांबले. मुलगा दोन गाड्या बदलून शाळेस येई. पुढे येईनासा झाला. हजेरीपटावरील त्याचे नाव आम्ही स्वतः कमी केले. त्या जागी अद्याप पत्र्याचे कुंपण व पाण्याने भरलेला खड्डा आहे. पूर्वी शेकडा ७० भाडेकरूंची संमती लागे, आता शेकडा ५१ पुरते. तेव्हा शेजारच्याने सही केली म्हणून आपणही करावी, ही रीत अधिकच धोक्याची झाली आहे. पात्र भाडेकरूंच्या मंडळाने प्रमाणित केलेल्या यादीत आपले नाव आहे काय? करारनामा नोंदविला आहे काय? मधल्या काळाचे भाडे किती महिन्यांचे आगाऊ मिळणार व ते बुडाल्यास जबाबदार कोण? आणि ज्या प्रश्नाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही तो हा: उद्वाहन, पंप व पहारेकरी यांचा मासिक खर्च पुढे कोण सोसणार? चाळीचे भाडे भरणाऱ्या वृद्ध विधवेस मनोऱ्याची वर्गणी झेपली नाही तर ती घर विकून जाईल, आणि मग पुनर्वसन झाले हे केवळ दप्तरात खरे राहील.

एज्राच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. यरुशलेमेत दुसऱ्या मंदिराचा पाया घातला गेला तेव्हा ज्यांनी पहिले मंदिर पाहिले होते ते वृद्ध मोठ्याने रडले, तरुणांनी हर्षाचा घोष केला, आणि दुरून ऐकणाऱ्यास रडणे कोणते व आनंद कोणता हे ओळखू येईना. भूमिपूजनाच्या मंडपात आम्ही हाच आवाज ऐकला आहे. आजी सज्ज्याकडे पाहत होत्या व नातू नव्या घराच्या चित्राकडे. त्या आजींस कोणी जुन्या वळणाच्या म्हणून हसले, ते आम्हांस आवडले नाही. सज्ज्यात त्यांची पापडाची चादर, शेजारणीच्या तापाची चौकशी व अर्ध्या मजल्याच्या मुलांवरील देखरेख चालत असे.

या वर्षी नववीच्या विद्यार्थ्यांस आम्ही भूमितीच्या तासाला आपापले घर मोजून नकाशा काढण्यास सांगितले. चाळीत राहणाऱ्या अकरा मुलांनी खोलीची लांबी-रुंदी बिनचूक मांडली. त्यांपैकी सातांनी सज्जाही आपल्या घरात धरून त्याचे क्षेत्रफळ मिळविले. नियमाप्रमाणे ते चूक आहे, कारण सज्जा सर्वांचा. करारनाम्यात तो एकाच्या वाट्यास येत नाही. आम्ही गुण कापले नाहीत. सर्व नकाशे, चाळीचे नाव व मोजणीचा दिनांक घालून, शाळेच्या ग्रंथालयात ठेविले आहेत. पालकांनी शनिवारी सकाळी येऊन अवश्य पाहावेत, व ज्यांच्या घरी चाळीची जुनी छायाचित्रे असतील त्यांनी ती नकलेसाठी सोबत आणावीत.