शिडाची होडी आणि खळ्यावरचा वारा

केनवडला पाणी बघायचं तर विहिरीत वाकून बघावं लागतं. रिसोड तालुक्यातल्या या गावापासून मुंबईचा समुद्र रस्त्याने पाचएकशे किलोमीटर. तिथला माणूस मुंबईत नोकरीला आला आणि रविवारी बंदरात शिडाची होडी हाकायला लागला, की गावाकडे पहिला प्रश्न येतो, "पोहता येते काय तुले?" आणि दुसरा, "मोटर नाही तं चालते कशी?" यंदा भाचा म्हणतोय, मामा, मीपण येतो. ही यादी त्याच्यासाठी.

काय करावे

• शर्यतीच्या अर्धा तास आधी पोचावं आणि होडीकडे न बघता पाण्याकडे बघावं. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत इथला हंगाम. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, ऊन चढलं की तो पडतो आणि दुपारी वायव्येकडून समुद्राचा वारा भरायला लागतो. झोत अंगाला लागण्याआधी पाण्यावर दिसतो. बारीक सुरकुत्यांचा गडद पट्टा सरकत येतो. आमचे आजोबा तिवईवर उभे राहून ज्वारी उपणायचे. सूप डोक्याच्या वर धरून नुसते थांबायचे. बांधावरच्या लिंबाचा शेंडा हलला की मगच सूप हलवायचे, कारण भूस शेजाऱ्याच्या खळ्यात गेलं की भांडण ठरलेलं. तीच नजर इथे लागते. मला हे तिसऱ्या शर्यतीत उमगलं. पहिल्या दोन शर्यती मी शिडाकडे तोंड वासून बघण्यात घालवल्या.

• भरती-ओहोटीचं कोष्टक जवळ ठेवावं. घरी पंचांग असेल तर अंदाज त्यातूनही येतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला मुंबईत पाणी चार-पाच मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. वारा पडला आणि पाणी उलटं लागलं तर होडी पुढे तोंड करून मागे जाते. एकच बोया मी दोनदा ओलांडलाय, दुसऱ्यांदा उलट दिशेने.

• सुरुवातीची पाच मिनिटं पाठ करावीत. पाच मिनिटं आधी वर्गाचा झेंडा चढतो, चार मिनिटं आधी तयारीचा. एक मिनिट उरलं की तयारीचा उतरतो आणि शून्याला वर्गाचा. भोंगा ऐकू आला नाही ही तक्रार कुणी ऐकून घेत नाही. प्रमाण झेंडा.

• उजव्या कुशीवर वारा घेऊन येणाऱ्याला वाट द्यावी. तो "स्टारबोर्ड!" म्हणून ओरडतो, तेव्हा तो शिवी देत नसतो. दोघांचा वारा एकाच कुशीवर असेल, तर वाऱ्याकडच्या होडीने बाजूला राहायचं.

• शिडाच्या दोरीच्या टोकाला आठाच्या आकड्याची गाठ मारावी. नाहीतर ऐन वळणावर दोरी कप्पीतून निसटते आणि शीड झेंड्यासारखं फडफडत राहतं.

• होडी उलटली तर होडीला धरून राहावं. पोहत किनारा गाठायला निघू नये. डोक्यापेक्षा होडी लांबून दिसते. पाण्यात असतानाच दोरी अडकलेली नाही ना बघावं, मग खालच्या फळीवर, म्हणजे सेंटरबोर्डवर, भार देऊन ती उभी करावी. दोरी ताणलेली राहिली तर होडी उभी राहते, वारा भरून घेते आणि पुन्हा आडवी होते.

• दुसरा कुणी खरंच संकटात दिसला तर शर्यत सोडून त्याच्याकडे जावं. हा नियम पुस्तकात अगदी पहिला आहे.

काय टाळावे

• लाइफ जॅकेट सैल बांधणं. विहिरीतला पट्टीचा पोहणारा समुद्रात पहिल्यांदा घाबरतोच, कारण विहिरीला चारही बाजूंनी काठ असतो.

• वाऱ्याच्या तोंडावर सरळ घुसण्याचा हट्ट. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांच्या आत होडी चालतच नाही. नागमोडी जावं लागतं, आणि प्रत्येक वळणाला वेग जातो. म्हणून उगाच वळू नये.

• पुढच्याच्या शेपटीला लागणं. त्याच्या शिडाने पिळून टाकलेला, मेलेला वारा आपल्याला मिळतो. खळ्यावर दोघं एकामागे एक उभे राहून उपणतात का?

• वळताना डोकं वर ठेवणं. शिडाखालची आडवी काठी, बूम, मागून वारा असताना एका बाजूची दुसऱ्या बाजूला सपकन येते. सोमवारी ऑफिसात मी टेंगळाचं कारण बाथरूमचं दार सांगितलं होतं.

• अंग हेलकावून किंवा शीड पुन्हा पुन्हा ओढून होडी पुढे ढकलणं. शर्यत वाऱ्याची आहे.

• चूक झाल्यावर वाद. बोयाला लागलात तर एक गिरकी घ्यावी, कुणाचा हक्क मोडलात तर दोन, आणि पुढे निघावं. आणि तक्रार असेल तर तिथेच "प्रोटेस्ट" म्हणून ओरडावं. चहाच्या टेबलावर आठवलेली तक्रार गप्पांत जमा.

• "मी शिडावर आहे, वाट माझी" म्हणत मोठ्या जहाजाच्या पुढ्यात जाणं. खोल पाण्याच्या मार्गात त्याला वळायला जागा नसते, थांबायला तर त्याहून जास्त लागते. मांडव्याच्या आणि घारापुरीच्या लाँचच्या लाटाही सांभाळाव्यात.

• पहिल्याच महिन्यात होडी विकत घेणं. ऑप्टिमिस्ट दिसते गोंडस, पण ती अडीच मीटरसुद्धा नाही आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी आहे. भाच्याने आधी दोघांच्या एंटरप्राइझमध्ये पुढचं लहान शीड सांभाळायला बसावं. शिव्या खाव्यात, शिकावं.

• "हे साहेबांचे खेळ" म्हणून दारातूनच परतणं. मुंबईतला यॉट क्लब १८४६चा, साहेबांनीच काढलेला, हे खरं. पण १९८२च्या आशियाई खेळांत दिल्लीला समुद्र नव्हता म्हणून शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या, आणि फायरबॉल वर्गाचं सुवर्ण फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी जिंकलं. पुढे खेलरत्नही होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग या शिडाच्या होडीवरच्या जोडीला मिळाला. दिल्लीला नाही समुद्र, केनवडलाही नाही. त्यात लाजायचं काय?

• शर्यतीनंतर होडी तशीच सोडून जाणं. मिठाने कप्प्या अडकतात, शीड कडक होतं. गोड्या पाण्याने धुवावी, पण पाइप सोडून ठेवू नये. कप्प्यांवर तांब्याने पाणी, बाकीला ओलं फडकं. दोन बादल्यांत होडी निघते. बाकीचे पाइप लावून गप्पा मारत उभे असतात, तेव्हा माझं लक्ष अजूनही त्या वाहत्या पाण्याकडेच जातं.