धानावरील गादमाशी : अंगरचना व ओळख
(डास, चिलटे व लांब पायांच्या क्रेन माशीपासून ती वेगळी कशी ओळखावी?)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानपट्ट्यातील शेतकऱ्याला 'गाद' हा शब्द नवा नाही. रोवणीनंतर ढगाळ हवामान व रिमझिम पाऊस लागून राहिला की बांधीत कांद्याच्या पातीसारखे पोकळ, चंदेरी पोंगे दिसू लागतात. ज्या फुटव्याला असा पोंगा येतो, त्याला लोंबी येत नाही. या नुकसानीला कारणीभूत असलेली माशी मात्र फार थोड्यांनी नीट पाहिलेली असते. ती आकाराने डासाएवढी किंवा त्याहूनही लहान असून रात्री वावरते. त्यामुळे दिव्याभोवती जमलेल्या कोणत्याही लांब पायांच्या माश्या पाहून शेतकरी बंधू फवारणीचा पंप बाहेर काढतात. त्यात औषधाचा व मजुरीचा खर्च वाया जातो आणि बांधीतील मित्रकीटक मरतात. उलट खरी गादमाशी डास समजून दुर्लक्षित राहिली, तर पोंगे दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून या किडीची ओळख आधी पक्की करून घ्यावी.

कुळ व नाव

गादमाशीचे शास्त्रीय नाव ओर्सिओलिया ओरायझी असे आहे. वूड-मेसन या शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये तिचे वर्णन केले. जुन्या पुस्तकांत ती पॅकिडिप्लोसिस ओरायझी या नावाने आढळते. डास, चिलटे, क्रेन माशी व गादमाशी हे सर्व द्विपंखी वर्गातील कीटक आहेत. इतर कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात, तर यांना एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक खुंट असतात. उडताना तोल सांभाळण्याचे काम ते करतात, म्हणून त्यांना तोलक म्हणतात. पंखांची एकच जोडी, लांब पाय व सडपातळ अंग ही लक्षणे चौघांतही सारखी असल्याने घोटाळा होतो.

प्रौढ माशीची अंगरचना

साधे दहापट भिंग व पांढरा कागद एवढ्या साहित्यावर पुढील लक्षणे पाहता येतात.

१) आकार व रंग : मादी साधारण ३ ते ३.५ मि.मी. लांब असते. तिचे पोट फुगीर व गुलाबी-तांबडे असते. ही सर्वांत सोपी खूण आहे. नर थोडा लहान, सडपातळ व राखट रंगाचा असतो.
२) मिशा : लांब व मण्यांची माळ ओवल्यासारख्या गाठीगाठींच्या असतात.
३) पंख : पातळ व पारदर्शक असून त्यांवर शिरा अगदी मोजक्या असतात. डास किंवा क्रेन माशीच्या पंखावर शिरांचे दाट जाळे दिसते, तसे येथे दिसत नाही.
४) तोंड : टोचून रक्त शोषणारी लांब सोंड नसते. ही माशी चावत नाही.
५) पाय : अंगाच्या मानाने लांब व नाजूक असतात.

फसवणाऱ्या तीन माश्या

क्रेन माशी : हिला पाहून 'केवढा मोठा डास!' असे उद्गार निघतात. पाय फारच लांब असून हाताळताच गळून पडतात. अंग बहुधा गादमाशीच्या कितीतरी पट मोठे असते. पाठीवर, पंखांच्या मुळांदरम्यान, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची खाच दिसते. ही खाच म्हणजे तिची पक्की खूण होय. पंखांमागचे तोलकही नुसत्या डोळ्यांना दिसतात. तिच्या बहुतेक जातींच्या अळ्या ओलसर मातीत, चिखलात व कुजणाऱ्या पालापाचोळ्यात वाढतात. युरोपात टिप्युला पॅलुडोसा या जातीच्या अळ्या कुरणातील गवताची मुळे खातात, म्हणून तेथे ती कीड गणली जाते. आपल्या बांधीतील क्रेन माशी मात्र धानाला गाद आणत नाही. तिच्यासाठी फवारणी करू नये.

डास : तोंडापुढे लांब सोंड असते. पंखांच्या शिरांवर व कडांना बारीक खवले असतात.

चिलटे (कायरोनोमिड) : साचलेल्या पाण्यावर व दिव्याभोवती यांचे थवे जमतात. नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात. बसताना ही माशी पुढचे पाय वर उचलून धरते. पोट गुलाबी-तांबडे नसते.

थोडक्यात क्रम असा ठेवावा : पाठीवर 'व्ही' खाच दिसली तर क्रेन माशी, लांब सोंड दिसली तर डास, पिसासारख्या मिशा दिसल्या तर चिलटाचा नर. यांपैकी काहीच नसून पोट गुलाबी-तांबडे, मिशा मण्यांच्या व पंखांवर शिरा मोजक्या असतील, तर ती गादमाशीची मादी समजावी.

जीवनक्रम व नुकसानीचा प्रकार

मादी पानांवर, विशेषतः पान व खोड जुळते त्या भागाजवळ, लांबट व चकचकीत अंडी घालते. एक मादी सुमारे १०० ते २०० अंडी घालते. ती ३ ते ४ दिवसांत उबतात. अंड्यातून निघालेली अळी जेमतेम १ मि.मी. लांब असते. तिला पाय नसतात. पानावरील दवाच्या किंवा पावसाच्या ओलाव्यातून ती सरपटत खाली उतरते व पानाच्या आवरणातून फुटव्याच्या वाढत्या कोंबापाशी पोचते. ओलावा नसेल तर हा प्रवास तिला साधत नाही. ढगाळ, दमट हवामानात गाद का वाढते, याचे उत्तर येथे आहे.

कोंबापाशी अळी खाऊ लागली की तिच्या लाळेच्या परिणामाने पानाच्या आवरणाची नळी बनते. अळीची वाढ १५ ते २० दिवसांत पूर्ण होते. ती कोषात जाण्याच्या सुमारास नळी झपाट्याने लांब होऊन बाहेर दिसते. हाच चंदेरी पोंगा होय. पुढे कोष आपल्या पोटावरील काट्यांच्या साहाय्याने नळीत वर सरकतो, टोकाजवळ भोक पाडतो व त्यातून माशी बाहेर पडते. रिकामी कात पुष्कळदा भोकातच लटकलेली दिसते. एक पिढी ३ ते ४ आठवड्यांत पूर्ण होते.

म्हणजे आज दिसणाऱ्या पोंग्याचे अंडे सुमारे तीन आठवड्यांपूर्वी घातलेले असते. भोक पडलेल्या पोंग्यातून माशी केव्हाच उडालेली असते. तो फुटवा कोणत्याही औषधाने परत येत नाही. उपाय करायचा तो उरलेले फुटवे वाचवण्यासाठी.

गाद की गाभेमर?

खोडकिडीच्या गाभेमरात मधला पोंगा वाळून तपकिरी होतो, ओढल्यास सहज निघतो व त्याचे बूड कुरतडलेले असते. गादीचा पोंगा वाळलेला नसतो. तो फिकट हिरवा ते चंदेरी, गोल व आतून पोकळ असतो. ब्लेडने बुडापासून उभा चिरल्यास आत अळी किंवा कोष सापडतो. अळीच्या अंगात दाण्यांसारखे अनेक बारीक कोष भरलेले दिसले, तर ती प्लॅटीगॅस्टर ओरायझी या चिमुकल्या काळ्या परोपजीवी गांधीलमाशीने ग्रासलेली आहे असे समजावे. असे पोंगे नष्ट करू नयेत. रोवणीनंतर १० दिवसांनी दर १० चौरस मीटरला असा एक पोंगा ठेवल्यास मित्रकीटकांची वाढ होते.

पाहणी कशी करावी?

रोवणी झाल्यापासून रात्री बांधावर प्रकाश सापळा लावावा. दिव्याखाली पसरट घमेल्यात पाणी ठेवले तरी चालते. सकाळी पाण्यातील माश्या पांढऱ्या ताटलीत घेऊन वरील लक्षणे तपासावीत. तांबड्या पोटाच्या माद्या दिसू लागल्या की आठवड्यातून एकदा बांधीत फिरून २० चूड तपासावेत. समजा, २० चुडांत एकूण २४० फुटवे आहेत व त्यांपैकी १२ फुटव्यांवर चंदेरी पोंगे आहेत, तर प्रादुर्भाव ५ टक्के झाला. ही आर्थिक नुकसानीची पातळी होय. त्याआधी कीटकनाशकावर खर्च करू नये. लोंबी धरण्याची अवस्था सुरू झाल्यावर नव्याने गाद येत नाही, म्हणून त्यानंतरची फवारणीही निरर्थक ठरते.

उपाय

१) रोवणी वेळेवर उरकावी. उशिरा रोवलेल्या धानावर गाद जास्त येते.
२) बांधावरील देवधान व इतर गवते काढावीत. धान नसताना कीड त्यांवर तग धरते.
३) नत्राची मात्रा शिफारशीप्रमाणे व विभागून द्यावी.
४) प्रतिकारक वाण निवडावा. देशात या किडीचे सात जैवप्रकार नोंदले गेले आहेत. म्हणून एका भागात टिकणारा वाण दुसरीकडे टिकेलच असे नाही. आपल्या भागासाठी साकोली किंवा सिंदेवाही येथील संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.
५) प्रादुर्भाव ५ टक्क्यांवर गेल्यास धानासाठी शिफारस केलेले दाणेदार कीटकनाशक लेबलवरील मात्रेत, बांधीत थोडे पाणी ठेवून वापरावे. जुन्या पुस्तिकांत फोरेटची शिफारस आढळते. परंतु त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. घरात जुना साठा असल्यास तो वापरू नये.

शेतकरी बंधूंनो, यंदा दिव्याखाली माश्या जमल्या की आधी भिंग घ्या. मादीचे पोट तांबडे आहे का, मिशा मण्यांच्या आहेत का, पाठीवर खाच आहे का, हे पाहा व पाच टक्क्यांचा हिशोब करा. त्यानंतरच पंपाकडे वळा.