वाफ दिसत नाही, पण भाजते!

मित्रांनो, बर्फ, पाणी आणि वाफ ही नावे तीन, पण पदार्थ एकच. बर्फ स्थायू, पाणी द्रव आणि वाफ वायू. उष्णता दिली की बर्फ ० अंश सेल्सिअसला वितळतो आणि पाणी १०० अंशांना उकळते. उष्णता काढून घेतली की वाफेचे पाणी होते, पाण्याचा बर्फ होतो.

आता गंमत पाहा. चुलीवर आधण ठेवले. पाणी तापत तापत १०० अंशांवर आले, खळखळा उकळू लागले. आता चुलीत कितीही लाकडे सारा, उघड्या भांड्यातले पाणी त्याहून जास्त तापत नाही. मग एवढी उष्णता जाते कुठे? ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि वाफेत लपून बसते. तापमापीत ती दिसत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्णता म्हणतात. स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या सुमारास ती शोधून काढली.

थोडे गणित करू. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला १ कॅलरी उष्णता लागते. उकळते १ ग्रॅम पाणी हातावर पडून ४० अंशांपर्यंत निवले, तर ते ६० कॅलरी उष्णता देते. पण १ ग्रॅम वाफ हाताला लागली, तर तिचे पाणी होतानाच लपलेल्या ५४० कॅलरी बाहेर पडतात. पुढे ते पाणी निवताना आणखी ६०. एकूण ६०० कॅलरी, म्हणजे दहापट!

किटलीच्या तोंडातून पांढरे पांढरे निघते, ते पाण्याचे बारीक थेंब. खरी वाफ दिसतच नाही. तोंडाला लागून थोडी जागा मोकळी दिसते ना, तिथेच ती असते. तिथे बोट नेऊ नका हं!

लक्षात ठेवा :
१. उकळत्या भांड्यावर वाकू नका.
२. झाकण उघडताना पलीकडची कड आधी उचला, म्हणजे वाफ अंगावर येणार नाही.
३. भाजलेच तर त्या जागेवर २० मिनिटे स्वच्छ गार पाणी ओता. बर्फ, शाई, टूथपेस्ट लावू नका. फोड आले किंवा जास्त भाजले तर लगेच दवाखान्यात जा.

पालकांनो, घरातल्या लहानग्यांना चुलीपासून दूर ठेवा.

सांगा पाहू : भाताच्या झाकणाला आतून थेंब का येतात?