उभी राहिलेली व्हॅन आणि सेल्फ

आमच्या चिखली-मेहकर पट्ट्यात कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती व्हॅन अजून घरोघर दिसतात. ही गाडी 1984 साली आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि 2019 मध्ये ती बंद झाली. पेरणीपासून सोयाबीन घरात येईपर्यंत ती अंगणातून हलत नाही. मग शेगावला जायचं ठरतं आणि सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. अशा वेळी लोक थेट कार्ब्युरेटर खोलायला लावतात. त्याआधी नेमकं काय अडतंय ते बघावं. बहुतेक वेळा कार्ब्युरेटर ठणठणीत असतो.

1. आधी कान द्या. सेल्फ जड फिरत असेल तर पेट्रोलकडे नंतर बघू. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खरवडा, क्लॅम्प आवळा, अर्थिंगची पट्टी तपासा. चांगली चार्ज झालेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.2 दिसलं तर ती अर्धी उतरलेली आहे.

2. सेल्फ झपाट्याने फिरतो, पण इंजिन पकडत नाही? मग पुढची सीट उचला. चावी बंद, चोकचा खटका आत. एअर फिल्टरची नळी काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात टॉर्च मारा आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार हाताने ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. काहीच उडालं नाही, तर फ्लोटची वाटी कोरडी आहे. गाडी उभी असताना त्यातलं पेट्रोल हवेत उडून जातं, मलकापूर-खामगावच्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. या गाडीचा पंप इंजिनावर चालतो. नुसती चावी फिरवून पेट्रोल वर येत नाही, सेल्फ जेवढा फिरेल तेवढंच येतं. म्हणून पाच-सात सेकंद सेल्फ, मग थोडी विश्रांती, असं करत वाटी भरू द्या. इतक्यावर गाडी सुरू झाली तर तो बिघाड नव्हेच.

3. आठवडाभर उभी राहिल्यावर उशीर होणं साहजिक आहे. पण रोज सकाळी तसंच होत असेल, तर पेट्रोल टाकीकडे परत उतरतंय. पंपाचे व्हॉल्व्ह, तडकलेला रबरी पाइप, सैल क्लॅम्प, याच क्रमाने बघा.

4. चोक ओढल्यावर आतली पाकळी पूर्ण मिटते का, हे डोळ्यांनी बघा. तार ढिली असली तर खटका बाहेर येतो, पाकळी मात्र अर्धवट उघडीच राहते.

5. बराच वेळ सेल्फ मारल्यावर एक प्लग काढा. ओला निघाला तर पेट्रोल पोहोचतंय, करंट कमी पडतोय. पावसाळ्यात उभ्या गाडीचे पॉइंट काळे पडतात, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते, आणि उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. प्लग कोरडा असेल तर पुन्हा दुसऱ्या मुद्द्यावर या. गॅरेजवाल्याला प्लग ओला की कोरडा एवढं सांगितलं, तरी त्याचं निम्मं काम होतं.

6. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं. जुने रबरी पाइपही त्याने लवकर खराब होतात. टाकीतलं पेट्रोल कित्येक महिन्यांचं असेल तर काढून नवं भरा.

आणि घाईत कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतू नका. या व्हॅनचं इंजिन सीटखाली, गाडीच्या आतच आहे. उलटा भडका उडाला तर आग थेट माणसांच्या अंगावर येते.