नेपाळ यात्रेला निघताना औषधांची पिशवी

खान्देशातून पशुपतिनाथ-मुक्तिनाथाच्या यात्रेला गटाने जाणारे भाविक पुष्कळ असतात. शेव-चिवडा, दशम्या आठवणीने बांधल्या जातात. मात्र रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत आणि बॅग गाडीच्या डिक्कीत! दरड कोसळून रस्ता बंद पडला, की रात्रीची गोळी हाती लागत नाही.

म्हणून औषधे जवळच्या पिशवीतच ठेवावीत व आठवडाभराची जास्त घ्यावीत. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नयेत; पाकिटावरील औषधाचे मूळ नाव तिकडच्या दुकानदारालाही कळते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत असावी. इन्सुलिन गोठल्यास निकामी होते. थंडीत ते अंगालगतच्या खिशात ठेवावे.

मुक्तिनाथ ३,५०० मीटरहून उंचावर आहे. तेथे डोके दुखून मळमळू लागल्यास आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर त्याला ताबडतोब खाली न्यावे. हृदयविकार, दमा किंवा मधुमेह असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तपासून घ्यावे.

प्रत्येकाच्या खिशात नाव, आजार, औषधे व घरचा फोन लिहिलेला कागद हवा. दुसरी प्रत गटप्रमुखाकडे द्यावी. बेशुद्ध रुग्णाची माहिती परक्या डॉक्टरांना त्यातूनच मिळते.