शेअरिंग गेलं म्हणून कुलूप काढू नका

इचलकरंजीतल्या एका करसल्लागाराच्या ऑफिसात मी हिशेबाचं काम बघते. सूत व्यापारी, यंत्रमागवाले, सायझिंगवाले ही आमची पक्षकार मंडळी. ऑफिसात मोजके कॉम्प्युटर, एक जुनं झेरॉक्स-कम-स्कॅनर मशीन आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, ज्याला सगळे 'सर्व्हर' म्हणतात. तो काही सर्व्हर नाही, साधं विंडोजचं मशीन आहे, आमचं मेन मशीन. टॅलीचा डेटा, रिटर्नच्या पीडीएफ, स्कॅन केलेली बिलं त्याच्या एका फोल्डरात असतात आणि बाकी सगळे तिथून उघडतात. छोट्या ऑफिसांत बहुधा हीच मांडणी असते. ती बिघडायचा मुहूर्तही जणू ठरलेला असतो : जीएसटीच्या ३बी रिटर्नची २० तारीख तोंडावर आली की.

आमच्याकडे सुरुवात राउटरपासून झाली. इंटरनेटवाल्यांचा माणूस जुना राउटर काढून नवा बसवून गेला. इंटरनेट झकास चालू लागलं, पण शेअर केलेलं फोल्डर एकाही मशीनवर उघडेना. पडद्यावर 'नेटवर्क पाथ सापडला नाही' आणि खाली ०एक्स८००७००३५ हा आकडा. साहेबांनी नेहमीच्या हार्डवेअरवाल्याला बोलावलं. पोरगा हाताचा चलाख. त्याने फायरवॉल बंद केली, 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद केलं, फोल्डरवर 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' दिला आणि स्कॅनर चालावा म्हणून 'एसएमबी १' या शेअरिंगच्या जुन्या पद्धतीवर टिक केली. चहा यायच्या आत फोल्डर उघडलं. रिटर्न वेळेत गेली, सगळे खूश. बिघाड नेमका कुठे होता, हे मात्र कुणालाच कळलं नाही.

काही महिन्यांनी एका सूत व्यापाऱ्याचा मुलगा कागद घेऊन आला. साहेब फोनवर होते, म्हणून तो बाहेर बाकावर बसला आणि वायफायचा पासवर्ड मागितला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा रिवाजच होता. थोड्या वेळाने तो माझ्या टेबलाशी आला आणि मोबाईल पुढे धरला.

"मॅडम, तुमचं सगळं दिसतंय की ओ इथं. आमच्या काकांचा ताळेबंद पण हाय."

फोनमधल्या फाइल मॅनेजरने 'नेटवर्क' या नावाखाली आमचं मेन मशीन शोधून काढलं होतं. बोट लावलं की फोल्डर, त्यात पक्षकारांच्या नावाची फोल्डरं, त्यात पॅन, बँकेची स्टेटमेंटं, ताळेबंद. काका-पुतण्यांच्या वाटण्या झालेल्या, दोघांचा धंदा एकच. पोरगा सरळ म्हणून त्याने आम्हाला सांगितलं.

मी मेन मशीनवर जाऊन 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडलं. त्यात 'शेअर्ड फोल्डर्स' आणि त्याखाली 'सेशन्स' असतं. या क्षणी कोण-कोण आत आहे, ते तिथे दिसतं. आमची सगळी मशीनं होती आणि त्या मुलाचा फोनही होता. युजरच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव : गेस्ट. ऑफिसातली माणसं आणि बाकावर बसलेला मुलगा यांच्यात आमचं मशीन काहीच फरक करत नव्हतं.

त्याच सुमारास नवा लॅपटॉप आला, विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्तीचा. त्याच्यावर फोल्डर उघडेना. तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न देता गेस्ट म्हणून आत जाता येणार नाही, असा त्याचा निरोप. साहेब म्हणाले, "आपण कधी केलं हे धोरण?" धोरण मायक्रोसॉफ्टचं होतं. या आवृत्तीपासून प्रो मशीनसुद्धा पाहुणा म्हणून दुसऱ्या मशीनच्या फोल्डरात शिरत नाही आणि जोडणीवर डिजिटल सही असल्याशिवाय पुढे जात नाही. हार्डवेअरवाला फोनवर म्हणाला, "ती सेटिंग पण बंद करून टाकतो की." या वेळी साहेबांनी त्याला थांबवलं.

ही कुलपं कुणाच्या हौसेपोटी आलेली नाहीत. एसएमबी म्हणजे विंडोजची मशीनं ज्या पद्धतीने फाइलींची देवाणघेवाण करतात ती पद्धत. तिच्या पहिल्या आवृत्तीतल्या दोषाचा फायदा घेऊन मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा व्हायरस जगभर पसरला, एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप उड्या मारत. त्याआधी मार्चमध्येच दुरुस्ती आली होती, पण लाखो मशीनांवर ती बसलेली नव्हती. त्याच वर्षाच्या शेवटी विंडोज १० च्या नव्या आवृत्तीपासून एसएमबी १ नेहमीच्या मांडणीतून काढायला सुरुवात झाली. म्हणून आज कुणी 'एसएमबी १ चालू करा' असा इलाज सांगितला, तर तो आजारापेक्षा जड आहे असं समजा.

मग दुखणं शोधायचं कसं? क्रमाने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती बदलून फरक पडला नाही, तर पूर्ववत करून मगच पुढे जायचं.

पहिला प्रश्न मशीनला नव्हे, माणसांना विचारा : सगळ्यांचं बंद आहे की एकाचंच? सगळ्यांचं बंद असेल तर मेन मशीन, स्विच किंवा राउटर बघा. एकाचंच असेल तर आधी मेन मशीनला हात लावू नका, दोष बहुधा त्या एका मशीनमध्ये असतो. फोल्डर उघडतं पण एखादी एक्सेल फाइल 'रीड ओन्ली' येते, तेव्हा बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावर ती कुणीतरी उघडून ठेवलेली असते. 'सेशन्स'च्या शेजारीच 'ओपन फाइल्स' आहे, तिथे नाव सापडतं. दुसरा प्रश्न : काल चालत होतं, तर मधे काय झालं? लाइट गेली होती, राउटर बदलला, अपडेट आलं, कुणी पासवर्ड बदलला? निम्म्या वेळी उत्तर इथेच मिळतं.

मग वायर. लॅन केबल जिथे घुसते तिथला दिवा लुकलुकतोय का, ते बघा. झाडताना निम्मी बाहेर आलेली केबल मी स्वतः पाहिली आहे. मेन मशीन झोपलेलं नाही ना, तेही बघा. पॉवरच्या सेटिंगमध्ये त्याचं 'स्लीप' कायमचं बंद हवं.

पुढचा टप्पा पत्त्याचा. दोन्ही मशीनांवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल आणि राउटर बघा. एकाचा १९२.१६८.०.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.५ असं दिसलं, तर बहुधा ऑफिसात दोन राउटर आपापले पत्ते वाटताहेत. इंटरनेट दोघांवरही चालतं, म्हणून हा घोटाळा लवकर लक्षात येत नाही. लॅपटॉप चुकून 'गेस्ट' वायफायवर असला तरी ऑफिसातली मशीनं त्याला दिसत नाहीत. तिथे तसंच अपेक्षित आहे.

पत्ते जुळले की फोल्डर नावाने न उघडता आकड्याने उघडून बघा. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि लगेच मेन मशीनचा आयपी. आकड्याने उघडलं आणि नावाने नाही, तर फोल्डर ठणठणीत आहे, दोष फक्त नावाच्या शोधात आहे. 'नेटवर्क'मध्ये मशीनचं चित्र दिसत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. चित्र न दिसताही फोल्डर उघडू शकतं. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून मशीन मेलं असंही समजू नका, कारण फायरवॉल पिंग अडवू शकते. खरी परीक्षा पोर्ट ४४५ ची, फाइल शेअरिंग त्याच दारातून चालतं. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' या कमांडला आयपी आणि पोर्ट ४४५ द्या. उत्तर 'ट्रू' आलं तर रस्ता मोकळा आहे, 'फॉल्स' आलं तर कुणीतरी अडवतंय.

अडवणारा बहुधा नेटवर्कचा प्रकार असतो आणि आमचं मूळ दुखणं नेमकं हेच होतं. राउटर बदलला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि ते त्याला 'पब्लिक' मानतं, म्हणजे एसटी स्टँडवरच्या वायफायसारखं परकं. परक्या जागी ते शेअरिंग बंद ठेवतं. 'नेटवर्क अँड इंटरनेट'च्या सेटिंगमध्ये जाऊन ते 'प्रायव्हेट' करायचं आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू आहे ना ते बघायचं, एवढंच काम होतं. फायरवॉलला हात लावायची गरजच नव्हती. अँटीव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल, तर तिच्यातही ऑफिसचं नेटवर्क विश्वासाचं म्हणून नोंदवावं लागतं.

रस्ता मोकळा आहे, पण मशीन नाव-पासवर्ड मागतं आणि दिलेला घेत नाही, तेव्हा तीन गोष्टी तपासा. रोज मशीन उघडताना टाकतो तो पिन नेटवर्कवर चालत नाही. पिन त्या मशीनपुरता असतो, इथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. आणि 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जुना पासवर्ड साठलेला असेल, तर मशीन गुपचूप तोच पुढे करत राहतं. ती नोंद खोडा. १२१९ हा आकडा आला, तर एकाच मशीनला दोन वेगळ्या नावांनी जोडायचा प्रयत्न चाललाय. साइन आउट करून पुन्हा या.

आत गेलात पण 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं, तर प्रश्न परवानगीचा. फोल्डरवर परवानग्यांचे दोन थर असतात : एक 'शेअरिंग'च्या टॅबमध्ये, दुसरा 'सिक्युरिटी'च्या. दोघांत जो कडक, तो चालतो. एकीकडे सगळं उघडं करूनही फाइल सेव्ह होत नाही, ती यामुळेच.

आता आमची घडी अशी आहे. मेन मशीनवर प्रत्येकाच्या नावाचं साधं खातं आणि पासवर्ड. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, रोजच्या कामाला वापरायचं नाही. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालू, फायरवॉल चालू, एसएमबी १ काढलेलं. टॅली, रिटर्न आणि स्कॅन यांची फोल्डरं वेगळी, ज्याला जे लागतं तेवढंच त्याला. मेन मशीनचा पत्ता राउटरमध्ये पक्का केलेला, त्यामुळे लाइट गेल्यावर आकडा बदलत नाही. पक्षकारांना वेगळं गेस्ट वायफाय. जुना स्कॅनर एसएमबी १ शिवाय बोलतच नाही, म्हणून तो यूएसबीने एका मशीनला जोडला. बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून कपाटात जाते, कारण मशीनला लावून ठेवलेली डिस्क व्हायरसच्याही हाताशी असते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे फायली सांभाळणारं मशीनही नव्या विंडोजवर नेलं. साध्या विंडोजला एका वेळी वीस जोडण्या चालतात, तेव्हा आमच्याएवढ्या ऑफिसाला महागडा सर्व्हर लागत नाही.

नव्या लॅपटॉपवर फोल्डर आता पहिल्या फटक्यात उघडतं, कारण तो नाव सांगतो आणि मशीन ते ओळखतं. 'सेशन्स'मध्ये गेस्ट हे नाव दिसत नाही. दर महिन्याला रिटर्न भरून झाली की मी तिथे एकदा नजर टाकते.

दुरुस्तीला कुणीही येवो, त्याने कोणती सेटिंग आधी काय होती आणि आता काय केली, हे वहीत त्याच्याकडूनच लिहून घ्या, तारखेसकट. त्या यादीत 'फायरवॉल बंद' किंवा 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' असं काही निघालं, तर ते आधी पूर्ववत करून घ्या. बिल नंतर द्या.