परत आलेल्या अर्जाबद्दल

नातेपुते

चि. सोनीस,


बँकेनं बचत गटाचा कर्जाचा अर्ज परत केला, म्हणून तू सचिवपद सोडायचं म्हणतेस, असं वहिनीकडून कळलं. सोडायचं की नाही ते तू ठरव. पण त्याआधी म्हसवडच्या बायकांची हकिगत ऐक. शंभूमहादेवाच्या डोंगरापलीकडचं गाव. आपल्याकडं नीरेच्या कालव्यानं ऊस आला; तिकडं माणदेशात पावसानं ओढ दिली की जनावरं चारा छावणीत.

चेतना सिन्हा मूळच्या मुंबईच्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतल्या. लग्नानंतर म्हसवडला राहिल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करून तिथंच संसार करणारी एक बाई त्यांच्याकडं आली. पावसापासून पोराबाळांना वाचवायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, म्हणून तिला पैसे साठवायचे होते. एवढ्या थोड्या पैशांचं खातं कुठलीच बँक उघडेना. मग चेतनाताईंनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांतल्या काहींना लिहितावाचता येत नव्हतं.

तोच अर्ज त्यांनी पुन्हा धाडला नाही. दिवसभर राबून आलेल्या बायका अक्षरं गिरवायला बसल्या. पाचएक महिन्यांनी पंधरा जणी ताईंबरोबर रिझर्व्ह बँकेत गेल्या. गावात शाळाच नव्हती, आमचा काय दोष, असं त्यांनी साहेबांना विचारलं. कुठल्याही रकमेचं व्याज सांगा, तोंडी काढतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

ताई शिकलेल्या, एकट्या जाऊन बोलू शकल्या असत्या. पण ज्यांच्या अंगठ्यांवर बोट ठेवलं होतं, त्याच बोलल्या. मला हे फार मोठं वाटतं. तुझ्या गटात इतिवृत्त तू लिहितेस, हिशेब तू ठेवतेस, बँकेतही तूच जातेस. तू दमणार नाहीस तर काय! पुढच्या बैठकीत वही दुसरीच्या हातात दे. खाडाखोड होईल, होऊ दे.

नकाराच्या कागदावर परतफेड अनियमित असं कारण आहे म्हणे. ते खरं असेल तर हप्ता चुकवणारीच्या घरी जा, तिच्याजवळ बस आणि विचार. चारचौघींत विचारू नकोस. म्हसवडच्या बँकेतही बायकांनी सांगितलं होतं की पासबुक घरी नको, नवऱ्याला शिल्लक कळली की पैसे जातात. बँकेनं ते ऐकून पासबुकाऐवजी दुसरी सोय केली. तुमच्याकडंही असलंच काही निघेल. मग हप्त्याचा वार बदला, रक्कम लहान करा, पण ठरवा सगळ्यांनी मिळून.

बँकेत परत जाशील तेव्हा चौघी-पाच जणी बरोबर ने आणि व्याजाचं त्यांनाच बोलू दे. बैठक कुठल्या दिवशी ते कळव. मी दोन दिवस मुक्कामाला येते. माझा व्याजाचा हिशेब अजून पक्का आहे, बायकांना शिकवीन.

तुझी,
आत्या